गणिताला सर्वांत कमी वाटा

आमच्या शाळेत एआय आले तेव्हा ते वापरायचे कसे यापेक्षा वाचवायचे कसे, याचा विचार आधी झाला. वरच्या कार्यालयाचा आदेश स्पष्ट होता: शिक्षकांनी अभ्यासपत्रिका, चित्रे, प्रश्नसंच एआयकडून जरूर करून घ्यावेत, मात्र शाळेला नेमून दिलेल्या मासिक मर्यादेतच. साहजिकच मुख्याध्यापकांनी अंदाजपत्रक समिती नेमली. मी भाषा शिकवतो, म्हणजे मला वेळ असणार, अशा समजुतीने सचिवपद माझ्या गळ्यात पडले.

समितीने साधकबाधक विचार केला. भूगोलाला नकाशे लागतात, म्हणून मोठा वाटा. खेळाच्या सरांना त्याहून मोठा, कारण ते संगणकाच्या खोलीकडे फिरकत नाहीत आणि त्यांच्या नावावर भरघोस बचत दिसते. गणिताला सर्वांत कमी, कारण गणितात उत्तर एकच असते.

पहिल्याच आठवड्यात गणिताच्या बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, शनिवारी अपूर्णांकांची चाचणी आहे. माझ्या निम्म्या पोरांना अजून पाव कळत नाही. नापास झाली की त्यांची रवानगी मागच्या तुकडीत. चित्रांची एक पत्रिका करून घ्यायची होती."

"मग घ्या की करून!"

"माझा वाटा संपला."

"इतक्यात? कशात?"

"वापराआधी वापराचं समर्थन लिहून द्या, असं तुम्हीच कळवलंत. ते एआयकडूनच लिहून घेतलं."

समर्थन उत्तम होते, असे ऐकतो. लांबलचक असल्यामुळे मी एआयकडून त्याचा सारांश काढून घेतला होता आणि तो वापर नियमाप्रमाणे गणिताच्याच खात्यावर टाकला होता. म्हणजे बाई आता उण्यात होत्या.

मग बाई खेळाच्या सरांकडे गेल्या. "सगळा घ्या ताई, मला काय करायचाय!" असे सर म्हणाले. पण एका विषयाचा वाटा दुसऱ्याला असा हातोहात देता येत नाही, त्याला बैठक लागते. बैठक झाली, उसनवारी एकमताने मंजूर झाली. दरम्यान बैठकीचे निमंत्रण, इतिवृत्त आणि मुख्याध्यापकांचे काटकसरीवरील भाषण तयार करण्यात शाळेची मर्यादाच संपली.

शुक्रवारी बाई हात हलवत वर्गात गेल्या. वर्गाला चार तावदानांची खिडकी आहे. त्यातले एक तावदान कधीचे फुटलेले असून तिथे पुठ्ठा लावलेला आहे. अपूर्णांक म्हटले की डोळ्यांत पाणी आणणारी एक मुलगी खिडकीशीच बसते. तिला सगळे रडूबाई म्हणतात.

"काय गं, चारातली किती फुटलीत?"

"एक."

"म्हणजे खिडकी किती फुटली?"

रडूबाईने पुठ्ठ्यावर बोट ठेवले. "पाव! बाई, पाव खिडकी फुटलीय!"

"आणि अजून एक फुटलं तर?"

"अर्धी!" सगळा वर्ग ओरडला. "फोडू का?" असेही मागून कोणीतरी विचारले.

शनिवारी अख्खा वर्ग पास झाला. इथून खरी अडचण सुरू झाली.

पलीकडच्या तुकडीला गणितही भूगोलाचेच सर शिकवतात. त्यांच्या मोठ्या वाट्यातून, मर्यादा संपण्याआधीच, गुळगुळीत, रंगीत पत्रिका निघाली होती. तीत कलिंगडाच्या पाच फोडी होत्या आणि प्रत्येकीखाली 'पाव' लिहिले होते. तपासणीची तरतूद अंदाजपत्रकात नव्हती. ती तुकडी जवळजवळ सगळी नापास झाली, पण पत्रिका घरोघर पोहोचली.

पालकसभेत रडूबाईचे वडील उठले. "पलीकडच्या पोरांना एवढी रंगीत पत्रिका मिळाली. आमच्या पोरीला नुसतं समजलं!"

"अहो, तिला पैकीच्या पैकी मिळालेत," बाई म्हणाल्या.

"ते ठीक आहे हो. पण चार लोकांना दाखवायला आमच्या हातात काय आहे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे निर्णय दिला: मंजूर साधनाविना शिकवल्याबद्दल बाईंना समज, आणि पुढील गैरवापर टाळण्यासाठी खिडकीला नवे तावदान. वर्षानुवर्षे रखडलेले ते काम दुसऱ्या दिवशी झाले.

इतिवृत्त मीच लिहिले. मागच्या रांगेतून सर्वांत जोरात टाळ्या कोण वाजवत होते, ते त्यात घातलेले नाही. वाचकहो, तुम्ही निश्चिंत असा.