अनुमोदक कोण?

आमच्या आप्पांना चहासुद्धा ठरावाशिवाय चालत नाही. "चहा टाकावा, अशी सूचना मी मांडतो. अनुमोदक कोण?" असं म्हणून ते वृद्धाश्रमाच्या पडवीत सगळ्यांकडे बघतात. कुणीतरी हात वर केला की, "विरोध? न्हाई. मंजूर," म्हणत मांडीवर थाप मारतात. मग चहा.

आप्पा जन्मभर गावच्या दूध सोसायटीचे सचिव. सोसायटी सुटली, सभा सुटली नाही. लग्न का केलं नाही असं विचारलं तर म्हणतात, "सूचना आल्ती. अनुमोदन मिळालं न्हाई."

मी जवळच्याच न्हावरे गावचा. रोज सकाळी आश्रमाला भाजी घालतो. दुधी भोपळा दिसला की आप्पा पिकअपजवळ येऊन रीतसर विरोध नोंदवतात. माणसानं भाजी उतरवायची की सभेला बसायचं? मी चिडतो, आणि हसतोही.

त्यांचे कायमचे अनुमोदक म्हणजे शेजारच्या कॉटवरचे तात्या, दौंडचे, रेल्वेतून रिटायर झालेले. तात्यांना ऐकू कमी यायचं. आप्पांचे ओठ हलले की यांचा हात वर. खिडकीजवळची तात्यांची कॉट आप्पांना द्यावी, या ठरावालाही त्यांनी हसत हसत हात वर केला होता. तो ठराव आप्पांनी लगेच मागं घेतला.

उन्हाळ्यात तात्यांना झटका आला. माझ्याच पिकअपमधून त्यांना आम्ही शिरूरला दवाखान्यात नेलं. मला नळ्या घालून ठेवू नका, असं तात्या आप्पांना नेहमी सांगायचे. आप्पांनी ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही यांचे कोण?

"अनुमोदक," आप्पा म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. भला माणूस. पण तात्यांनी काही लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे नातेवाईकांनाच विचारावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. तात्यांचा पुतण्या आला. लोक नावं ठेवतील, सगळं करा, म्हणाला. सगळं केलं. तात्या बरेच दिवस नळ्यांमध्ये पडून राहिले आणि मग गेले. मला त्या सगळ्याचा अजून राग येतो.

त्यानंतर आप्पांनी वकिलाकडून स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र करायला घेतलं. बरं होण्याची आशा संपली तर मशीनवर ठेवू नये, एवढंच त्यात मागणं. दोन साक्षीदार लागतात हे ऐकून तर ते खूश झाले. "बघा, कायद्यालाबी सभा कळतीय," म्हणून पडवीभर सांगत फिरले. पण आपली शुद्ध हरपली तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं, त्या माणसाचं नावही त्यात घालायचं होतं. तिथं आप्पा अडले. पुण्यातला भाचा फोन उचलत नाही. वकिलानं विचारलं की म्हणायचे, विषय तहकूब.

परवा मी भोपळे उतरवत होतो. आप्पा आले आणि त्यांनी विरोध नोंदवला नाही. तेव्हाच मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

"पाव्हणं," ते हळू आवाजात म्हणाले, "मशीन नको, हे झालं लिहून. पर तवा कुनीतरी डाक्टरला तसं सांगावं, आन् मंग लगीच घरी न जाता उशाला बसावं. सूचक मीच हाय."

अनुमोदक कोण, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे न बघता भोपळ्यांवरून हात फिरवत राहिले. आयुष्यभर भर सभेत हात मागणारा हा माणूस, आणि त्या दिवशी त्याला एक हात मागायची भीती वाटत होती.

मी हात वर केला. हातात भोपळा होता, तोही वर गेला.

आप्पांनी पाहिलं. सवयीनं "विरोध?" म्हणाले आणि पडवीतल्या तात्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे राहिले.

शेवटी मंजूर मीच म्हणालो.