मधल्या भागाची निष्क्रियता

डॉ. द्वारका घुगे यांच्या प्रयोगशाळेतला पापुद्रा पूर्ण क्षमतेने काम करत नाही, असे संस्थेच्या कार्यक्षमता समितीला २०१६ च्या उन्हाळ्यात आढळून आले. दोष द्वारकाबाईंचाच. अणूंच्या मोजक्या थरांच्या या पापुद्र्यात वीज फक्त कडेकडेने वाहते, मधून मुळीच नाही, हे त्यांनीच आनंदाने अहवालात लिहिले होते. तीन वर्षे खपल्यावर तो एकदाचा जमला होता.

समितीचे अध्यक्ष शरच्चंद्र आपटे कोथरूडचे. एका आयटी कंपनीत माणसे कमी करता करता ते स्वतः मात्र सन्मानाने निवृत्त झाले होते.

"घुगे मॅडम, मधला भाग नेमकं काय करतो?"

"काही नाही, सर. वीज अडवतो."

"म्हणजे कामात अडथळा. मग ठेवलाय कशाला?"

"तो आहे म्हणून कडा आहेत! तिथली वीज वाटेतल्या खाचखळग्यांना वळसा घालून जाते, मागे फिरत नाही..."

"कडांबद्दल तक्रार नाहीच."

मधल्या भागाला 'कारणे दाखवा' नोटीस निघाली आणि पापुद्रा ज्यात ठेवला होता त्या यंत्राच्या दारावर डकवली गेली. पंधरा दिवसांत खुलासा आला नाही. कापण्याचा आदेश द्वारकाबाईंच्याच हाती पडला, कारण ते यंत्र दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हते. नकार दिला तर प्रयोगशाळाच बंद होणार होती. त्यांनी दात आवळून मधोमध छेद दिला. छेदालगत दोन नव्या कडा तयार झाल्या आणि त्यांतूनही वीज धावू लागली. बाईंचा चेहरा उजळला.

आपटे म्हणाले, "या कडांना मंजुरी कुणी दिली? अजून कापा."

कापत कापत केसाहून कितीतरी बारीक पट्टी उरली. समोरासमोरच्या कडा एकमेकींत मिसळल्या आणि वीज थांबली. बाई मीटरवरच्या शून्याकडे बघत राहिल्या.

"आता कडाही काम करेनात?"

"मधला भाग त्यांना लांब ठेवत होता, सर."

"हे त्यानं खुलाशात कळवायला हवं होतं."

द्वारकाबाईंनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आले, की निर्णय लोकमताने झाला. संस्थेच्या संकेतस्थळावर प्रश्न होता, 'काम न करणारा भाग काढून टाकावा काय?' अठ्ठ्याण्णव टक्के पुणेकरांनी 'होय' वर बोट दाबले होते. कशाचा भाग, हे एकानेही विचारले नव्हते.

उत्तरासोबत आलेली, 'होय' म्हणणाऱ्यांच्या नावांची यादी बाईंकडे आहे. आपले नाव तपासायचे असल्यास कार्यालयीन वेळेत यावे. ओळखपत्र लागणार नाही. बाई आता चेहऱ्यावरून ओळखतात.