शिक्केकाकांचं कोपर

टपाल कचेरीत शिक्के मारण्यात उभी नोकरी गेली, त्यामुळे शिक्केकाकांचा उजवा हात आधी कानापर्यंत वर जायचा आणि मग धाडकन खाली यायचा. पाकिटांवर ते शोभून दिसे. गिटारवर मात्र त्या सवयीने घात केला. एका तारेवरून शेजारच्या तारेवर जायचं म्हटलं, तरी हात कानाची वाट धरायचा आणि परतताना भलत्याच तारेवर उतरायचा.

लेकीचं लग्न रविवारी होतं आणि बाबांनी समारंभात गिटार वाजवावी, हा तिचाच हट्ट होता. काकांनी व्याह्यांकडे एकदा नमुना वाजवला, तेव्हा हात असा काही उतरला की तार तुटून व्याह्यांच्या चष्म्याला अडकली. तेव्हापासून व्याही भेटले की "रविवारी वाजवताय ना?" असं विचारत आणि गालात हसत. आता प्रश्न अब्रूचा होता.

शिकवणाऱ्या बाई वयाने लेकीएवढ्या. त्या म्हणाल्या, "काका, शेजारच्या घरी जायला कोणी विमान काढतं का? कोपर गिटारवर टेकलेलं राहू द्या. नुसत्या मनगटानं सरका."

काकांनी कोपराला समजावलं, दरडावलं, त्याला उशी बांधून पाहिली. कोपर बधेना. शेवटी शनिवारी ते बायकोला शरण गेले.

काकू इस्पितळात प्लॅस्टरच्या खोलीत कामाला होत्या. "कोपर तेवढं जखडून टाक," असं काका म्हणाले तेव्हा त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. कामाचा विषय निघाला की त्यांना हसू येत नसे. कोन नेमका यावा म्हणून त्यांनी काकांना गिटार घेऊनच बसवलं. ओली पट्टी कोपरावरून, गिटारच्या काठाखालून, पुन्हा कोपरावरून फिरू लागली. गप्पांच्या नादात काकूंचा हात सवयीने चालत राहिला. प्लॅस्टर वाळल्यावर काका उठले, तर गिटारही उठली.

"निघेल ना गं हे?"

"मी घातलेलं आहे. असं तसं निघत नसतं," काकू अभिमानाने म्हणाल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. प्लॅस्टर कापायची करवत इस्पितळात, आणि ती खोली उघडणार सोमवारी. घरची करवत चालवावी तर गिटारचेही दोन तुकडे.

काका बसल्या बसल्या झोपले. सकाळी काकूंनी सदरा एका बाजूने उसवला आणि काकांच्या अंगावरच पुन्हा शिवला. वरून कोट पांघरला. टॅक्सीत काका मावले, पण गिटारची मान खिडकीबाहेर राहिली, आणि मागच्या गाड्या बिचाऱ्या तिला मान देऊन अंतर राखून चालल्या. सभागृहाच्या दारात व्याह्यांनी हात पुढे केला. काकांनी गिटारची मान पुढे केली. व्याही गांगरले आणि तीच हलवून मोकळे झाले.

पण काका वाजवायला बसले आणि नवल घडलं. हात तारांवरून मुंगीसारखा सरकला. एकही तार चुकली नाही. लेक रडली, टाळ्या पडल्या. एवढं झाल्यावर माणूस गिटार खाली ठेवतो. काका ठेवीनात, म्हणून लोकांना वाटलं अजून एक होणार. काकांना गाणं एकच येत होतं. त्यांनी तेच पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. जेवणाच्या टेबलाशीही वाजवलं, कारण समोरची मंडळी घास हातात धरून अदबीने वाट पाहत होती.

"जेवताना तरी ठेवा की हो," विहीणबाई म्हणाल्या.

"आमच्यात नाही ठेवत," काका म्हणाले.

शेवटी सरबताचा पेला घेऊन व्याही त्यांच्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या गालात हसू उरलं नव्हतं. "मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "हात जरासुद्धा उडत नाही. व्हा पुन्हा सुरू."

काकूंना राहवेना. नवऱ्याच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "अहो, प्लॅस्टर टॅक्सीतून उतरतानाच तडकलंय. वरून दिसतं तेवढंच. कोपर केव्हाचं मोकळं आहे. हे सगळं तुम्ही स्वतः वाजवलंत."

काकांचा ऊर भरून आला. त्यांनी पहिली तार छेडली. दुसरीकडे जायची वेळ आली, आणि आपण मोकळे आहोत हे कोपरालाही कळलं. हात तडक कानाकडे निघाला. वाटेत सरबताचा पेला होता.

व्याह्यांच्या कोटावरून सरबत निपटत काकू हळूच म्हणाल्या, "मी काही बोललेच नाही असं समजा. वाजवा पुढचं."