बापरेंचा निर्विकार चेहरा

प्रशिक्षणात शिकवलेलं एकदा घरी करून बघावं, असं बापरेंनी ठरवलं आणि तिथेच सगळं फिसकटलं. शिकवलेलं कचेरीतच ठेवून घरी यायचं असतं, हे शहाण्या माणसांना सांगावं लागत नाही. बापरेंना ते कोणी सांगितलं नव्हतं.

बापरे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. मधुमेह असलेल्या लोकांच्या डोळ्यांची तपासणी करणाऱ्या केंद्रात ते कॅमेऱ्यावर बसत. समोरच्याने हनुवटी पट्टीवर टेकवायची, कपाळ पुढे करायचं, लख्खकन उजेड पडायचा आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो संगणकावर उमटायचा. नारिंगी गोल चंद्र आणि त्यावर लाल फांद्या पसरलेल्या. इतक्या वर्षांनंतरही ते दृश्य बघितलं की त्यांच्या तोंडून कौतुकाने निघून जाई, "अरे बापरे."

आता हे कौतुक आहे, हे समोर हनुवटी टेकवून बसलेल्या माणसाला कसं कळावं? एक निवृत्त हेडमास्तर तो उद्गार ऐकून घरी गेले आणि त्यांनी परगावच्या तिन्ही मुलांना बोलावून घेतलं. मुलं सुट्ट्या काढून धावत आली. रिपोर्ट आला तो अगदी स्वच्छ. हेडमास्तरांनी तक्रार केली, तीही शुद्धलेखनाची एक चूक न करता. केंद्राने बापरेंची रवानगी प्रशिक्षणाला केली.

प्रशिक्षण देणाऱ्या बाई शांत होत्या. इतक्या शांत, की त्या पंखा बंद करायला उठल्या तरी वर्गाला आपलं काहीतरी चुकलं असं वाटे. त्यांचं म्हणणं एवढंच, की तपासणीला आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याच्याशी हळू आवाजात बोला. आधी त्याला काय माहीत आहे ते विचारा आणि मग गप्प बसा, तो आपोआप बोलेल. आणि चेहरा निर्विकार ठेवा.

"तुमचा चेहरा," बाई बापरेंना म्हणाल्या, "नोटीस बोर्डासारखा आहे. येणारा-जाणारा वाचून जातो."

बुधवारी बाई स्वतः केंद्रावर येऊन बापरेंचं काम बघणार होत्या. जमलं तर ठीक, नाहीतर बापरेंचा कॅमेरा जाणार आणि त्यांनी बाहेर बसून लोकांच्या डोळ्यांत थेंब घालायचे. कॅमेरा म्हणजे बापरेंचा जीव की प्राण होता. तेव्हा घरी सराव करणं आलंच.

आई तिच्या खोलीत होती, बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बापरेंनी खुर्ची ओढली, बाईंनी सांगितल्याप्रमाणे जरा तिरकी ठेवली, आणि ज्या आवाजात त्यांनी लग्नानंतर एकदाही बोलून पाहिलं नव्हतं त्या आवाजात म्हणाले, "जरा बसतेस? थोडं बोलायचं आहे."

"बसलेलीच आहे मी."

"बरं. मग आधी मला सांग, तुला याबद्दल काय काय माहीत आहे?"

"कशाबद्दल?"

बापरेंनी हलकेच मान डोलावली आणि ते गप्प बसले. चेहरा निर्विकार. (हा चेहरा त्यांनी न्हाणीघराच्या आरशात बसवून आणला होता.)

बायकोने हातातल्या टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली. "आईंनी सांगितलं का तुम्हाला?"

बापरे गप्प.

"हे बघा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुम्ही रविवारी इतक्या हौसेने सूप करता. पण ते नाही हो जात घशाखाली. मी खिडकीतल्या कुंडीत ओतते. ते झाड उन्हाने नाही जळलं."

रविवारचं सूप ही त्यांची या घराला एकमेव देणगी होती. पण चेहरा त्यांनी हलू दिला नाही. यालाच सराव म्हणतात.

त्या स्थिर चेहऱ्याकडे बघून बायको आणखी घाबरली. "कोटाचंही कळलं वाटतं. तो हिरवा कोट धोब्याने हरवला नाही. मी देऊन टाकला. माझ्या भावाच्या लग्नातही तुम्ही तोच घालणार होता, मग मी काय करायचं?"

एवढ्यावर थांबावं, असं बापरेंना मनापासून वाटत होतं. पण बाईंनी सांगितलं होतं, माणूस बोलायला लागला की मध्ये तोंड घालायचं नाही.

"आणि आईंच्या डोळ्यांचं विचारत असाल," बायको उठत म्हणाली, "तर ते त्यांनाच विचारा. मी त्यांना शब्द दिलाय."

बापरेंनी हे विचारलंच नव्हतं. आईच्या डोळ्यांचं काय? आईला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती, पण डोळ्यांची तपासणी ती तिच्या मैत्रिणीबरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात करून घेत असे. तिथे बाग जवळ पडते, असं ती म्हणे.

ते आईच्या खोलीत गेले. आई मालिका बघत होती. बापरेंनी खुर्ची तिरकी ठेवली आणि तोच मऊ आवाज लावला. "आई, जरा बोलायचं होतं."

"कोण गेलं?" आई म्हणाली.

"कोणी गेलं नाही. तुला याबद्दल काय माहीत आहे, ते आधी सांग."

आईने मुलाकडे पाहिलं आणि टीव्ही बंद केला. मालिका चालू असताना आईने टीव्ही बंद केल्याचं या घरात कोणाला आठवत नव्हतं. एकदा वीज गेली होती, पण ती आईने घालवली नव्हती.

"सांगितलं म्हणायचं तिने," आई म्हणाली. "ठीक आहे. नाही केली मी तपासणी. दोन वर्षं झाली. आम्ही दोघी बागेत जाऊन बसतो आणि परत येतो. आइस्क्रीम खातो. लहानातलं."

"अगं, पण का? तुझा मुलगा हेच काम करतो ना?"

"म्हणूनच," आई म्हणाली. "तू जेवताना एकेकाचं सांगतोस. याच्या डोळ्यात रक्त साकळलं, त्याचा पडदा सुटला. सांगताना तुझं तोंड कसं होतं ते मी बघते. बाकीच्यांना तुझं तोंड एकदा बघून घरी जायचं असतं. मला रोज तुझ्यासमोर जेवायला बसायचं असतं. माझ्या डोळ्यात काही निघालं, तर ते मला रोज तुझ्या तोंडावर दिसणार. त्यापेक्षा बाग बरी."

बापरेंचा निर्विकार चेहरा तिथेच गळून पडला. त्यांच्या तोंडून निघालं, "अरे बापरे."

"हे बघ," आई म्हणाली. "हेच म्हणत होते मी."

मग पुष्कळ बोलणी झाली. बापरे म्हणाले, मी आता शिकून आलोय, माझ्या चेहऱ्यावर काही दिसणार नाही. बायको दारातून म्हणाली, खरंच दिसत नाही हो, माझी मगाशी गाळण उडाली. शेवटी आई तयार झाली, पण एका अटीवर. बुधवारीच यायचं, बाई तिथे असताना. "तुझ्यावर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं," ती म्हणाली.

अशा रीतीने बापरेंच्या परीक्षेला त्यांची स्वतःची आई येऊन बसली.

बुधवारी बाई कोपऱ्यात पेन घेऊन बसल्या. बायको आईच्या मागे उभी राहिली. बाहेर आईच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले गेले होते. आईने हनुवटी टेकवली, लख्ख उजेड पडला, एकदा, परत एकदा. बापरेंनी चेहरा अगदी सपाट केला, आणि त्यांच्या लक्षात आलं की आई त्यांच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघते आहे.

"मला तुझं तोंड दिसत नाहीये," आई म्हणाली. "तुझ्या तोंडाच्या जागी हिरवा ठिपका आहे."

थेंबांनी जवळचं धूसर झालेलं आणि वर त्या उजेडाचा डाग. म्हणजे निर्विकार चेहऱ्याची सगळी मेहनत पाण्यात. आता आईला ऐकू येत होती ती फक्त शांतता, आणि बापरे तर नियमाने गप्प बसले होते.

"तू काहीच का बोलत नाहीस?" आई म्हणाली.

बापरेंनी मऊ आवाज काढला. "तुला याबद्दल काय माहीत आहे?"

"मला काय माहीत असणार? माहीत असतं तर इथे कशाला आले असते?"

बाईंनी पेन तोंडात धरलं. बापरे पुन्हा गप्प. आईने एक लांब श्वास सोडला आणि सुनेचा हात चाचपून धरला. "माझं कपाट तू घे. वरच्या कप्प्यातलं माझ्या लेकीला दे, पण ती मागेल तेव्हाच. आणि सुपाचं तू केलंस ते योग्यच केलंस."

बापरे फोटोकडे बघत होते. आईच्या डोळ्याचा पडदा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. तोच नारिंगी चंद्र, त्याच फांद्या, आणि डाव्या डोळ्यात कडेला दोन-चार बारीक ठिपके. असे ठिपके ते रोज बघत. फार काही नाही, हे त्यांना दिसत होतं. पण कॅमेऱ्यावरच्या माणसाने निकाल सांगायचा नसतो, तो डॉक्टर सांगतात. तेव्हा 'आई, काही नाही गं' हे चार शब्द त्यांना म्हणता येत नव्हते, आणि दुसरं काही म्हणावंसं वाटत नव्हतं.

"आई," ते शेवटी म्हणाले, "फोटो स्पष्ट आलेत. डॉक्टर ते नीट बघतील आणि मग आपल्याला कळवतील. तोवर मी आहेच." शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला.

"तू रडतोयस?"

"छे. थेंब आहेत."

"थेंब मला घातलेत," आई म्हणाली.

आणि मग त्या दोघी उगाचच हसायला लागल्या, आधी आई, मग सून. बाई उठून खिडकीकडे गेल्या आणि बराच वेळ बाहेरच बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

बाईंनी बापरेंना पास केलं. जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं, वर एक अक्षर नाही, हे त्यांना आवडलं. चेहऱ्याबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. पुढे डॉक्टरांचं कळलं, की आत्ता काही करायची गरज नाही, साखर सांभाळा आणि वर्षाने परत दाखवा. त्या संध्याकाळी आईने बापरेंच्या ताटात आपल्या हाताने वाढलं आणि जेवताना ती सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिथे तिला फक्त भूक दिसली.

वर्षाने आई आपण होऊन, कोणी न सांगता केंद्रावर आली. बापरेंना उशिरा कळलं. ते बाहेर डोकावले, तर त्यांच्या दाराशी एकच गृहस्थ बसले होते, आणि शेजारच्या खोलीपुढे, जिथे नुकतीच लागलेली एक मुलगी कॅमेऱ्यावर बसे, मोठी रांग होती. रांगेत आई.

"आई, इकडे ये ना," बापरे म्हणाले. "माझ्याकडे गर्दी नाही."

"ते दिसतंय," आई म्हणाली. "तू जा आत. घरच्या माणसाला डोळे दाखवले की तो डोळे सोडून सगळं बघतो. ही मुलगी बरी आहे, तिला मी कोणी लागत नाही."

बापरेंच्या दाराशी बसलेल्या गृहस्थांनी हे ऐकलं. त्यांनी एकवार बापरेंकडे नीट पाहिलं, आपली पिशवी उचलली आणि ते शेजारच्या रांगेकडे गेले. आईने सरकून त्यांना जागा करून दिली.