सोडायचं तर आधी खायला हवं

मेहुण्याने मटण सोडलं त्याला अकरा दिवस झाले होते आणि तेवढ्यात तपासनिसाच्या बायकोने ही बातमी इमारतीच्या सातही मजल्यांवर पोचवली होती. पायी नव्हे, लिफ्टने. त्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी तपासणी करून सही ठोकणारा सरकारी माणूस म्हणजे तपासनीस स्वतःच. त्यामुळे शत्रूला दारूगोळा आपणच पुरवतोय, असं त्याला सारखं वाटत होतं.

"एका बकरीने त्याच्याकडे पाहिलं हो," बायको भाजी निवडता निवडता नवव्यांदा सांगत होती. "टेम्पोतून जाताना. हा हॉटेलात खिडकीपाशी बसलेला. नुसती नजरानजर झाली आणि हातातला घास गळून पडला."

"घास कशाचा होता?"

"बकरीचाच. म्हणून तर गळला ना."

तपासनिसाने पेपर खाली ठेवला. "मी शेहेचाळीस वर्षांत एकदाही खाल्लं नाही."

"त्यात काय मोठंसं? तुम्ही कधी खाल्लंच नाहीत, मग सोडलंत काय? टकल्याने केस कापले म्हणून कुणी टाळ्या वाजवतं का?"

तपासनिसाला टक्कल होतं. पण तो मुद्दा त्याने वाढवला नाही.

दुखणं जुनंच होतं. लिफ्ट पडली तर सगळं गाव तपासनिसाच्या नावाने शिमगा करतं. पडली नाही तर त्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही. न घडलेल्या गोष्टींचं श्रेय मिळत नसतं, हे नोकरीत त्याने पचवलं होतं. पण घरातही तोच कायदा? आणि तोही या मेहुण्यासाठी, जो नळी चोखायला लागला की शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबायचं? आता त्याच मेहुण्याला पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका 'संत माणूस' म्हणत होत्या. रविवारी खालच्या हॉलमध्ये त्याचं भाषण ठेवलं होतं. त्याची सूचना लिफ्टमध्ये लावली होती, नेमकी तपासनिसाच्या सहीच्या दाखल्यावर.

शुक्रवारी चौथ्या मजल्यापाशी ती सूचना वाचता वाचता त्याला युक्ती सुचली. सोडल्याचं कौतुक हवं तर हातात सोडण्यासारखं काहीतरी पाहिजे. म्हणजे पंधरा दिवस चारचौघांदेखत खायचं, सोळाव्या दिवशी अंतःकरण हेलावून घ्यायचं आणि पुढल्या महिन्यात हॉल आपला. तपासणीचं वेळापत्रक आखावं तसं त्याने ते डायरीत आखून टाकलं.

संध्याकाळी तो परस्पर हॉटेलात गेला.

"काय देऊ?" वेटरने विचारलं.

"मांसाहार."

"हो, पण कुठला?"

"सुटायला सोपा असेल असा."

वेटरने बरेच लोक पाहिले होते. त्याने अख्खी भाजलेली कोंबडी आणून ठेवली. ती पाय दुमडून पाठीवर पडली होती आणि तपासनीस तिच्यासमोर असा अवघडून बसला, जणू ती दूरच्या नात्यातली होती आणि नाव आठवत नव्हतं. हात काही पुढे होईना. त्याच्या लक्षात आलं की जन्मभर आपण कोंबडी खाल्ली नाही हे खरं, पण कोंबडीचा दोन मिनिटं विचारही केलेला नाही. ताटात जे आलं ते खाल्लं आणि आलं नाही ते वर्ज्य मानलं. मेहुण्याने निदान एका बकरीला तोंड तरी दिलं होतं. हा विचार फार झोंबला. शिवाय साक्षीदाराविना खाणं म्हणजे कोंबडीही वाया आणि पापही.

"बांधून द्या," तो म्हणाला.

घरी मेहुणा जेवणाच्या टेबलाशी बसून बहिणीला भाषण म्हणून दाखवत होता. तपासनिसाने मधोमध पुडकं ठेवून उघडलं.

"भाऊजी, हे काय?"

"कोंबडी. आजपासून मी खाणार आहे."

"भाऊजी, तिलाही जीव होता," मेहुणा खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "तिलाही आईबाप होते. भट्टीतली दिसते. लिंबू दिलंय का त्यांनी?"

तपासनिसाने डोळे मिटून तंगडी धरली आणि ओढली. ती हलेना. त्याने एक पाय टेबलाला टेकवून पुन्हा ओढली. अख्खी कोंबडी त्याच्याकडे सरकत आली.

"अहो, गाडी ओढताय का?" बायको म्हणाली. "द्या इकडे."

तिने सांध्यात अंगठा घातला, मनगट जरासं फिरवलं आणि तंगडी अलगद वेगळी झाली. मग दुसरी. मग पंख. तुकडे बशीत पडत गेले. नजर तिकडे नव्हतीच, हात आपसूक चालले होते.

"हे तुला कुठे आलं?" तपासनिसाने विचारलं.

"कुठे म्हणजे? माहेरी."

"आमच्यात सगळ्यांत खवय्यी ताईच," मेहुणा म्हणाला. "नळी चोखायला मला तिनेच शिकवलं. मान तिची ठरलेली. बाबांनासुद्धा मिळायची नाही."

बायकोचं माहेर खाणारं आहे, हे तपासनिसाला ठाऊक होतं. ती स्वतः खात होती का, हा प्रश्न मात्र बावीस वर्षांत त्याला पडला नव्हता.

"मग सोडलंस कधी?"

"लग्नाच्या दिवशी."

"कोंबडीची दया आली म्हणून?"

"छे. तुमची. म्हटलं, साधा माणूस आहे, वासानेच ताटावरून उठेल."

"आणि बावीस वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हाला वाटलं असतं की मला आठवण येते."

"येते?"

बायको पुडक्याच्या कागदाची घडी घालायला लागली. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं बहिणीसाठी किती आणि कोंबडीसाठी किती, ते सांगणं कठीण होतं. "ताई, परवा तूच बोल," तो म्हणाला. "माझे आपले अकरा दिवस."

म्हणजे घरात त्यागी दोन झाले आणि आपण अजून शून्यावर. पण या वेळी तपासनिसाचं पोट दुखलं नाही, थोडं वर, छातीपाशी काहीतरी दुखलं. त्याने बशी तिच्यापुढे सरकवली.

"खा."

"नको. एवढी वर्षं पाण्यात जायची."

"जाऊ देत. मला चालेल."

"आणि हिने पाहिलं माझ्याकडे तर?"

"ताई, तिला डोकं नाहीये," मेहुणा म्हणाला.

बायकोने पदराला हात पुसले, खुर्चीत नीट बसली आणि मानेचा तुकडा उचलला. पहिल्या घासाला तिचे डोळे मिटले. कपाळावरची घरखर्चाची आठी गेली आणि चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की तपासनीस बघतच राहिला. लग्नाच्या फोटोत ते हसू नव्हतं. त्याला बढती मिळाली तेव्हा नव्हतं. त्याने हप्त्यावर सोन्याच्या कुड्या आणल्या, तेव्हाही ती 'कशाला हो' एवढंच म्हणाली होती.

मेहुणा, बकरी, पाचवा मजला, सगळं मागे पडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखाद्या कोंबडीचा विचार करत होता. बावीस वर्षं जे त्याला जमलं नाही, ते या कोंबडीने एका घासात करून दाखवलं होतं, आणि तेही मेल्यावर.