कायमचे ठीक असलेले फोरमन

फोरमननी ठरवलं, की आपण जिवंत असल्याचा पुरावा रोज रोज द्यायचा नाही. एकदाच द्यायचा. कायमचा.

म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि ‘मी ठीक आहे’ असं लिहिलेली हिरवी पाटी घराच्या दाराला बाहेरून चार स्क्रू आवळून पक्की करून टाकली. ओढून पाहिली. हलली नाही. उभा जन्म कारखान्यात गेला होता. फोरमननी आवळलेला स्क्रू हलत नसे. (फोरमनही सहसा हलत नसत. एकदा मनात आलं, की आलं.)

पाटीची गोष्ट अशी. फोरमन राहत ती वसाहत सरकारी. भाडं कमी, जिने जास्त. तळमजल्यावर रहिवाशांसाठी मदत केंद्र. तिथे गाण्याचा वर्ग, खुर्चीत बसून करायचा व्यायाम, रक्तदाब तपासणी, फुकट दुरुस्ती, सगळं होतं. आणि म्हाताऱ्यांसाठी ही पाटी. रात्री आत घ्यायची, सकाळी बाहेरच्या कडीला अडकवायची. केंद्रातली एक मुलगी सकाळी सगळ्या मजल्यांवरून फिरायची. पाटी दिसली, की पुढे. नाही दिसली, की बेल. बेलला उत्तर नाही आलं, तर केंद्रातल्या जादा किल्लीने दार उघडायचं.

“म्हणजे मी रोज उठून जगाला सांगायचं, की मेलो नाही?” फोरमन म्हणाले होते.

“जगाला नाही हो, त्या मुलीला,” बायको म्हणाली. “आणि लक्षात ठेवा, ही रंगीत तालीम आहे.”

तालीम कसली, तेही सांगून ठेवतो. पुढल्या महिन्यात लेकीचं बाळंतपण होतं. बायकोला महिनाभर तिच्याकडे जायचं होतं. फोरमन घरी एकटे राहू शकतात का, हे बघायला ती आधी दोन दिवसांसाठी निघाली होती. दोन दिवस धड गेले, तर फोरमन महिनाभर घरचे राजे. काही गोंधळ झाला, तर केंद्राची ‘सोबत सेवा’. म्हणजे कोणीतरी परकं माणूस दिवसभर घरात येऊन बसणार आणि फोरमनांवर नजर ठेवणार.

“माझ्यावर नजर?” फोरमन म्हणाले. “माझ्या हाताखाली शंभर माणसं होती!”

“म्हणूनच,” बायको म्हणाली आणि बॅग उचलून गेली. जाता जाता जिन्यातून ओरडली, “बाथरूमच्या दाराच्या मुठीला हात लावू नका! ती ढिली आहे. केंद्राची दुरुस्तीवाली मंगळवारी येणार आहे!”

आता मला सांगा, इतकं स्पष्ट सांगितल्यावर मुठीला हात न लावणं कोणत्या फोरमनला जमेल?

त्या रात्री पाटीला स्क्रू लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कपात ओतून त्यावर बशी झाकली आणि फोरमन कामाला लागले. दोन मिनिटांचं काम. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, एवढ्याच पोशाखात. स्क्रूड्रायव्हर बाहेर स्टुलावर ठेवला. आतल्या बाजूची मूठ सैल झालीच होती, ती हातानेच ओढून काढली. आत उभं राहून ती उजेडात धरून पाहत होते, तेवढ्यात दार लागलं. ते आपोआप लागतं. दार उघडं राहतं म्हणून फोरमननीच त्याला स्प्रिंग बसवली होती. स्प्रिंग उत्तम काम करत होती.

दार लागलं, बाहेरची मूठ धक्क्याने सुटली आणि मधल्या लोखंडी दांडीसकट बाहेर फरशीवर पडली. ठण्ण.

फोरमन हातातल्या मुठीकडे पाहत राहिले. मुठीला आता दार नव्हतं, आणि दाराला मूठ नव्हती.

घाबरायचं त्यांना कारण नव्हतं. भोकात काहीतरी घालून फिरवलं, की झालं. त्यांनी दात घासायचा ब्रश घातला. ब्रश मोडला. बायकोचा कंगवा घातला. कंगव्याचे दात गेले. पुन्हा स्वतःचा मोडका ब्रश घातला, तो आत अडकून बसला. आता भोकही गेलं.

बाहेर चहा निवत होता. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. बाथरूम घराच्या दाराला लागूनच. सगळं ऐकू येत होतं.

“फोरमनकाकांची पाटी आहे,” केंद्रातली मुलगी स्वतःशीच म्हणाली. “ठीक आहेत.”

फोरमनांच्या ओठांवर हाक आली. पण हाक मारली, की संध्याकाळपर्यंत बायकोला कळणार. बायकोला कळलं, की सोबत सेवा. त्यांनी मधला मार्ग काढला. खोकले.

“काका? खोकताय का?”

“खोकत नाही. घसा साफ करतोय.”

“काही हवंय का?”

आता बघा, यापेक्षा सोपा प्रश्न माणसाला आयुष्यात मिळत नाही. उत्तर एका शब्दाचं होतं. फोरमननी तोंड उघडलं आणि आतून सवयीचं वाक्य आपसूक बाहेर पडलं.

“आम्हाला कोणाचं काही लागत नाही!”

“बरं बरं,” मुलगी म्हणाली आणि वरच्या मजल्यावर गेली.

फोरमन बादली पालथी घालून तिच्यावर बसले. स्वतःच्या तोंडाचा एवढा राग त्यांना कधी आला नव्हता.

काही वेळाने छोट्या खिडकीतून आवाज आला. “आऽऽऽ!” बाथरूमची खिडकी इमारतीच्या मधल्या चौकोनी बोळात उघडत होती, आणि त्या बोळाच्या तळाशी केंद्राचा हॉल होता. गाण्याचा वर्ग सुरू झाला होता. या वर्गाविरुद्ध फोरमननी तीन वेळा तक्रार केली होती.

ते बादलीवर चढले आणि खिडकीला तोंड लावलं. ‘वाचवा’ हा शब्द त्यांना उभ्या जन्मात आला नव्हता. त्यांनी नुसतंच दमदार ओरडून पाहिलं.

“ओऽऽऽ!”

खालचा वर्ग थांबला. मग गाणं शिकवणाऱ्या बाईंचा आवाज आला. “वा! वरून कोण? काय भरीव आवाज आहे! धरून ठेवा, सोडू नका!”

“दाऽऽर!” फोरमन ओरडले.

“शब्द नकोत हो! नुसता स्वर!”

“अहो बाई, दार...”

“घाई नको! सगळ्यांनी ऐका, पोटातून आवाज असा येतो!”

खाली टाळ्या झाल्या. फोरमनांना आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या आणि त्या चड्डीवर असताना मिळाल्या. त्यांनी सगळा अभिमान गिळला आणि स्वच्छ सांगून टाकलं. “मी अडकलोय!”

“पहिल्या दिवशी सगळेच अडकतात!” बाई प्रेमाने ओरडल्या. “उद्यापासून खालीच या!”

फोरमन बादलीवरून उतरले. गिळलेला अभिमान वाया गेला होता.

गाण्याचा वर्ग सुटला. आता फोरमननी स्टीलचा मग घेऊन पाण्याच्या पाइपवर ठोकायला सुरुवात केली. पाइप पार तळापर्यंत जातो, कोणीतरी बघायला येईल, हा हिशोब. ठण्, ठण्, ठण्.

“अरे वा, ठेका!” खालून व्यायामवाल्या सरांचा आवाज आला. खुर्चीतला व्यायाम सुरू होत होता. “चला मंडळी! ठण्‌ला डावा पाय, ठण्‌ला उजवा!”

फोरमन थांबले.

“थांबू नका! आजींचा पाय वरच राहिलाय!”

आता एका आजींचा पाय आपल्यामुळे हवेत लटकतोय, हे फोरमनांना सोसवेना. त्यांनी पुन्हा ठोकलं. मग खाली कोणीतरी सारखं मागे पडत होतं, ते त्यांच्या कानाला खुपू लागलं. शंभर माणसांना शिस्त लावलेला कान तो.

“शेवटच्या रांगेतला! जरा लवकर!” ते खिडकीतून खेकसले.

“ऐकलं का, शेवटची रांग!” सर म्हणाले.

खरं सांगायचं, तर त्यानंतर काही वेळ फोरमन आपण अडकलोय हेच विसरले. वेग वाढवला. कमी केला. मधेच दोन जोरात, एक हळू असा नवा प्रकार काढला. खाली हसण्याचा गोंधळ उडाला. बनियन घामाने भिजला, मगाला पोचे पडले, आणि फोरमन मोठमोठ्याने “एक! दोन! उचला!” असं ओरडत होते, तोच खोलीत फोन वाजला.

फोन वाजून थांबला. परत वाजला. बायको.

मग बराच वेळ काहीच नाही. नंतर जिन्यात धावती पावलं. एकाची नव्हे, पुष्कळांची. घराच्या दाराशी केंद्रातल्या मुलीचा आवाज, आणि तिच्या फोनमधून, चांगला मोठ्याने, बायकोचा.

“अहो काकू, पाटी लावलेली आहे,” मुलगी सांगत होती. “सकाळी माझ्याशी बोललेसुद्धा. छान आहेत. गाण्याच्या वर्गात गायले.”

“कोण गायलं?”

“काका. बाई म्हणाल्या, फार सुंदर.”

मग बायको किंचाळली, “गायले? हे गायले? अगं, उभी काय राहिलीस, दार उघड! काहीतरी भयंकर झालंय!”

किल्ली फिरली. सगळी मंडळी आत आली. मुलगी, गाणं शिकवणाऱ्या बाई, व्यायामाचे सर, सगळ्यात मागून त्या हवेत पाय राहिलेल्या आजी. दुरुस्तीवालीही आली होती. तिने अडकलेला ब्रश चिमट्याने ओढून काढला, बाहेर स्टुलावर पडलेला फोरमनांचाच स्क्रूड्रायव्हर भोकात घालून फिरवला, आणि दार उघडलं.

फोरमन ताठ उभे होते. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, एका हातात मूठ, दुसऱ्या हातात पोचे पडलेला मग.

“या, या,” ते म्हणाले. “दार तपासत होतो.”

“आतून?” दुरुस्तीवालीने विचारलं.

“आतूनच तपासतात.”

“ते सगळं सोडा,” फोनमधून बायको म्हणाली. “मुली, पाटी सकाळी बाहेर होती म्हणतेस. यांनी लावली? माझ्या सांगण्यावरून?”

“हो ना काकू. थांबा, मी ती...” मुलगी दाराकडे गेली. तिने पाटी ओढली. परत ओढली. वाकून पाहिलं. “काकू, पाटीला स्क्रू आहेत.”

“काय आहेत?”

“स्क्रू. चार.”

फोनमध्ये मग मागून लेकीचं हसू ऐकू आलं, असं की बाळ तिथेच जन्माला येतं की काय, अशी फोरमनांना धास्ती वाटली.

“बाबा,” लेक कशीबशी म्हणाली, “म्हणजे तुम्ही मेला असता, तरी ठीकच असता!”

“अगं, उत्तम काम आहे ते,” फोरमन म्हणाले. “भूकंपातही पडणार नाही.”

“सोबत सेवा,” बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

फोरमननी पुष्कळ मनधरणी केली. बायको घरी आली, तेव्हा त्यांनी न सांगता भांडी घासली. पाटी सोडवून रोज कडीला अडकवू लागले. शेवटी असंही म्हणाले, की सोबतीला कोणी द्यायचंच असेल, तर तोलामोलाचा माणूस द्या. एखादा निवृत्त इंजिनिअर. चार गोष्टी बोलता येतील.

“तोलामोलाचंच देतायत,” बायको म्हणाली.

पुढल्या महिन्यात बायको गेली आणि सोबत आली. जुन्या इस्पितळातल्या निवृत्त मेट्रनबाई. वयाने फोरमनांपेक्षा मोठ्या, आवाजानेही. आल्या आल्या त्यांनी घर पाहिलं, एक खुर्ची उचलली, बाथरूमच्या दारासमोर मांडली आणि लोकर काढून विणायला बसल्या.

“इथे का बसताय?” फोरमननी विचारलं.

“मला सगळं सांगितलंय. आत जायचं तेव्हा दार नुसतं लोटायचं. आणि मी हाक मारली, की ओ द्यायची.”

फोरमन ताठ मानेने आत गेले, दार लोटलं.

“आहात ना?” बाहेरून आवाज आला.

फोरमननी दात आवळले. “आहे.”

सुया टिकटिकल्या.

“आहात ना?”

“आहे!”

तिसऱ्या वेळी फोरमननी मनाशी ठरवलं, की बस झालं. बोलायचंच नाही. मेट्रनबाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी विणकाम खुर्चीवर ठेवलं आणि सरळ दार उघडून आत पाहिलं.

त्या दिवसापासून फोरमन बाथरूममध्ये पाऊल टाकलं, की कोणी विचारायच्या आधीच मोठ्याने सांगायला लागतात, “आहे... आहे... अजून आहे...”