बिनटाक्याचे ऑपरेशन

सुधीर गणपुले यांचा उजवा हात थरथरतो, ही बाब कार्यालयाच्या दप्तरी रीतसर नोंदलेली होती. गणपुले राहायला डोंबिवलीला आणि नोकरीला ठाण्यातल्या एका निमसरकारी खात्यात. पद आरेखकाचे, म्हणजे नकाशे काढण्याचे. सहा वर्षांपूर्वी हात थरथरू लागला आणि एका नकाशातला सरळ नाला चांगलाच नागमोडी झाला. पुढे तो खोदलाही तसाच गेला, कारण नकाशा मंजूर होता. मग खात्याने माणुसकीच्या भूमिकेतून गणपुल्यांना अभिलेख कक्षात बसवले आणि जुन्या नकाशांवरची धूळ झटकायला दिली. या कामी त्यांचा हात विशेष उपयुक्त असल्याचा शेरा गोपनीय अहवालात आहे.

गणपुल्यांना मात्र निवृत्त होण्याआधी पुन्हा नकाशाच्या टेबलावर बसायचे होते. दोन वर्षे उरली होती. दुसरे काही त्यांनी आयुष्यात फारसे मागितले नव्हते.

शेवटी ते दूरच्या एका शहरात जाऊन केंद्रित ध्वनिलहरींचा उपचार घेऊन आले. सोनोग्राफीत वापरतात तसल्याच, कानाला ऐकू न येणाऱ्या या लहरी. भिंगातून ऊन एका ठिपक्यावर आणून कागद जाळतात, तशा त्या कवटीबाहेरून मेंदूतल्या एका ठिपक्यावर आणायच्या आणि बिघडलेला तेवढाच भाग तापवून निकामी करायचा. ना चिरा, ना टाके. रुग्ण जागा असतो. डॉक्टरांनी गणपुल्यांना आधी कागदावर चकली काढायला लावली, तेव्हा तिचा चिवडा झाला. उपचारानंतर काढलेली चकली साच्यातून पडल्यासारखी आली. ती बघून गणपुले लहान मुलासारखे रडले. डावा हातही थरथरायचा, तो तसाच राहिला; उपचार एका वेळी एकाच बाजूवर करतात. पण नकाशे उजव्याने काढतात.

अट एकच होती. लहरींना अडथळा नको म्हणून डोक्याचा पूर्ण गोटा करावा लागला.

रजेवर गेल्यापासून तेराव्या दिवशी गणपुले गोटा घेऊन कामावर रुजू व्हायला गेले. आस्थापना शाखेचे हेडक्लार्क हरिहर काळसेकर उभेच राहिले.

"वाईट झालं हो, गणपुले. वय काय होतं?"

"कुणाचं?"

"ते मी कसं सांगणार?"

"अहो, कुणी गेलं नाही. माझं ऑपरेशन झालं. मेंदूचं."

काळसेकरांनी टेबलाला वळसा घालून ते डोके चारही बाजूंनी तपासले. "टाके कुठायत?"

"टाके नसतात त्यात. ध्वनिलहरींनी करतात."

"आवाजानं?"

"ऐकू न येणाऱ्या."

"म्हणजे न दिसणारी जखम, ऐकू न येणाऱ्या आवाजानं," काळसेकरांनी चष्मा पुसला. "माझा विश्वास आहे हो. पण फॉर्मचा नाहीये. रकाना सात, टाक्यांची संख्या."

"शून्य लिहा."

"लिहितो. मग रकाना आठ, टाके काढल्याचा दिनांक. तो राहतो रिकामा. रिकामा रकाना म्हणजे अर्ज अपूर्ण. अपूर्ण अर्ज म्हणजे अर्जच नाही. अर्ज नाही म्हणजे तुम्ही बारा दिवस विनापरवाना गैरहजर. आणि गैरहजर माणसाला नकाशाच्या टेबलावर बसवता येत नाही."

गणपुल्यांनी शेजारचा कोरा कागद ओढला आणि पट्टीशिवाय एक रेघ मारली. काळसेकरांनी तिच्यावर पट्टी ठेवून पाहिली. रेघ सरळ होती.

"ही लपवा आधी," ते हळूच म्हणाले. "तुमचा हात थरथरतो अशी नोंद आहे. तो थरथरत नसेल, तर सहा वर्षं तुम्ही अभिलेख कक्षात काय करत होतात? चौकशी लागेल."

प्रकरण साहेबांकडे गेले. साहेब सहृदय होते. त्यांनी असे मत नोंदवले की ऑपरेशनचा पुरावा नाही, परंतु गोटा सर्वांना दिसतो. शिवाय सकाळी गणपुले दारातून आत येताना दिसताच कॅन्टीनमध्ये दोन मिनिटे शांतता पाळण्यात आली होती आणि तिचे इतिवृत्तही मंजूर झाले होते. सबब ही रजा निकटच्या नातलगाच्या निधनाची समजावी. टेबल उद्यापासून.

"सुटलात!" काळसेकर मनापासून म्हणाले. "फक्त मयताचं नाव द्या. वडील?"

"ते नव्याण्णवमध्येच गेले."

"हो, तेव्हाची रजा दिसतेय. एकच वडील दोनदा चालत नाहीत. आई आहे?"

"आहे."

"मग प्रश्नच मिटला! मृत्यूचा दाखला यथावकाश जोडा. इथे यथावकाश मागायला कुणी येत नाही."

घरी त्यांच्या आई सुमतीबाई मटार सोलत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"लिही की," त्या म्हणाल्या. "दर नोव्हेंबरात मी जिवंत आहे हे बँकेला मलाच पटवावं लागतं. तुझ्या ऑफिसला एवढ्या लवकर उलटं पटतंय, तर पटू दे. कारण मात्र वृद्धापकाळ लिही. पडले-बिडले नको."

"आई, असं कसं लिहू गं?"

"सहा वर्षं तू चहाचा कप दोन्ही हातांनी धरलास. मी बघत होते रे. त्यापुढे हे काहीच नाही."

तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी महिपत भोईर पांढऱ्या कपड्यांत, चेहरा पाडून उभे होते. जिन्यात गोटा त्यांनीही पाहिला होता. दार सुमतीबाईंनीच उघडले.

"आजी, तुमी? मंग गेला कोन?"

"मीच, पण ऑफिसपुरती," सुमतीबाई म्हणाल्या. "बसा. चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी गणपुले काळसेकरांसमोर बसले. रात्रभर त्यांना एकच भीती होती. आईचे नाव लिहिताना हात थरथरला, तर उपचार फुकट गेला म्हणायचा. आणि नाही थरथरला, तर काय म्हणायचे ते त्यांना सुचत नव्हते. डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला. उजव्याने लिहिले: मयताचे नाव, सुमती गणपुले. नाते, आई. कारण, वृद्धापकाळ.

अक्षर मोत्यासारखे आले. एक वेलांटीसुद्धा हलली नाही.

"वा!" काळसेकर कागद उजेडात धरून म्हणाले. "आता पटलं हो, ऑपरेशन झालंय ते."

वाचकहो, गणपुल्यांना नावे ठेवण्याआधी स्वतःच्या रजेचे जुने अर्ज आठवून पाहा. त्यांत वारलेल्या मावश्या, आत्या आणि एकाहून अधिक वेळा गेलेले ते आजोबा मोजा. त्यांची नावे लिहिताना तुमचा हात थरथरला होता का? नसेल, तर तुमचा मेंदू कुठल्याही लहरींशिवायच ठणठणीत आहे. कळावे.